गाडीचा एसी उशिरा गार होतोय? गॅस भरण्याआधी हे तपासा

एप्रिल लागला की गॅरेजच्या दारात एकच वाक्य कानावर पडतं, "एसी कूलिंग कमी करतोय, जरा गॅस बघता का?" मग सिलिंडर जोडला जातो, थोडा गॅस आत जातो, जाळीवर हात धरल्यावर वारा गार लागतो आणि मंडळी खूश होऊन निघतात. पुढच्या उन्हाळ्यात, कधी कधी त्याच उन्हाळ्यात, पुन्हा तीच फेरी.

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षं किंचित झिरपतो, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीत पातळी थोडी उतरलेली असू शकते. पण एका हंगामात कूलिंग गेलं, तर एक तर कुठे तरी गळती आहे, नाही तर दोष गॅसचा नाहीच. दोन्ही वेळी नुसता गॅस भरून काही साधत नाही. म्हणून तपासाचा क्रम असा ठेवा: आधी आतला वारा, मग पुढचा कंडेन्सर आणि पंखा, मग कॉम्प्रेसर, आणि गॅस सगळ्यात शेवटी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी घरच्या घरी, फारशा हत्यारांशिवाय तपासता येतात.

थोडं आतलं काम समजून घ्या

एसी केबिनमधली उष्णता उचलतो आणि गाडीच्या नाकापाशी नेऊन बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबून तापवतो. तो तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे उष्णता सोडून द्रव होतो, ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून पुढे एक्सपान्शन वॉल्व्हच्या बारीक तोंडापाशी येतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये एकदम सैल होऊन उकळतो. उकळताना उष्णता लागते, ती तो केबिनच्या हवेतून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. कॉइलमध्ये दाब त्याहून जास्त ठेवलेला असतो. कॉइलकडच्या कमी दाबाच्या बाजूला, म्हणजे लो साइडला, ३० पीएसआय (दाबाचं एकक) दिसलं, तर कॉइलमध्ये गॅस साधारण दीड-दोन अंशांवर उकळतोय असं समजायचं. कंडेन्सरकडच्या जास्त दाबाच्या बाजूला, हाय साइडला, २०० पीएसआय म्हणजे कंडेन्सरमध्ये तो ५५ अंशांच्या आसपास द्रव होतोय.

हा ५५ चा आकडा लक्षात ठेवा. बाहेर ३० अंश असतील तर ५५ च्या कंडेन्सरमधून उष्णता झपाझप निघते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे अंतर दहा अंशांवर येतं. मग दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि कंडेन्सरवर साचलेली थोडीशी धूळसुद्धा जाणवायला लागते. जानेवारीत ठणठणीत वाटणारा एसी मे महिन्यात गळपटतो तो बऱ्याचदा यामुळेच.

आधी मोजा

"उशिरा गार होतो" हे मेकॅनिकला सांगून उपयोग नाही. त्याला आकडा द्या. स्वयंपाकघरात वापरतात तो सुईवाला डिजिटल थर्मामीटर पुरतो. गाडी सावलीत उभी करा. उन्हात तापली असेल तर चारही दारं उघडून आतली झळ जाऊ द्या. मग काचा बंद, एसी चालू, तापमानाची खुंटी पूर्ण थंडकडे (ऑटो एसी असेल तर 'लो' वर), रीसर्क्युलेशन चालू, ब्लोअर मधल्या किंवा वरच्या गतीवर. थर्मामीटरची सुई मधल्या जाळीत खोचा. कोणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून इंजिन दीड हजार आरपीएमवर धरायला सांगा आणि दहा मिनिटांनी वाचा. हे उघड्यावरच करायचं. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं जिवावर बेततं, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा वाससुद्धा येत नाही.

बाहेर ३० ते ३५ अंश असताना मधल्या जाळीतली हवा ६ ते १० अंशांची असेल तर यंत्रणा तंदुरुस्त आहे. बाहेर ४२-४३ असेल तर १० ते १३ सुद्धा ठीक मानतो. १५ च्या वर राहत असेल तर पुढचं वाचा. मग तीच सुई तशीच ठेवून इंजिन आयडलवर सोडा आणि पाच मिनिटांनी पुन्हा वाचा. दोन आकड्यांतला फरक पुढे फार कामाला येणार आहे.

दमट आणि कोरड्या हवेचा फरकही ध्यानात घ्या. मुंबईत, रत्नागिरीत एसीची बरीच ताकद हवेतला ओलावा पाणी करून काढण्यात जाते, त्यामुळे गाडीखाली पाण्याची धार लागते आणि जाळीतला आकडा एखाद-दुसरा अंश वर राहतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात खाली चार थेंबही पडत नाहीत. तिथे "पाणी टपकत नाही, म्हणजे एसी बिघडला" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दोष नसून सवय असेल तर

भर दुपारी दोन तास उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून ६० अंशांच्या घरात जाते, डॅशबोर्ड तर त्याहूनही तापतो. एसीला नुसती हवा नाही, सीट, छत, दारांचं प्लास्टिक सगळंच निववायचं असतं. अशा गाडीत पहिली पाच-सात मिनिटं गरम वाटणारच. काचा खाली करून, ब्लोअर पूर्ण ठेवून किलोमीटरभर गाडी चालवा. आतली ६० ची हवा बाहेर जाऊन ४० ची आत येते, हेच वीस अंश फुकट वाचले. मग काचा वर आणि रीसर्क्युलेशन चालू.

रीसर्क्युलेशनचं बटण हा सगळ्यात स्वस्त बिघाड. कित्येक गाड्यांत ते बंद असतं, म्हणजे कॉइलला सतत बाहेरची तापलेली हवा गार करावी लागते. काही गाड्यांत हवा पुढच्या काचेकडे वळवली की ते आपोआप बंद होतं. बटण दाबल्यावर फ्लॅप खरंच हलतो का, हे कानाने कळतं. ब्लोअर मोठा ठेवून बटण दाबलं की ग्लोव्हबॉक्सच्या बाजूने हवा ओढल्याचा आवाज स्पष्ट वाढतो. आवाजात काहीच फरक पडला नाही तर फ्लॅपची केबल सुटली असेल किंवा मोटर गेली असेल.

पुढच्या काचेवर चंदेरी सनशेड लावणं, झाडाखाली गाडी लावणं याने फरक पडतो. काळ्या फिल्मचा विचार करत असाल तर नियम पाहून करा. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

पहिली पायरी: आतला वारा

जाळीतून येणारी हवा थंड आहे, पण जोर नाही. ही तक्रार असेल तर गॅसचं नावही काढू नका. केबिन फिल्टर काढा. बहुतेक छोट्या गाड्यांत ते ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतं. दोन्ही बाजू आत दाबून ग्लोव्हबॉक्स खाली सोडला की आडवं झाकण दिसतं. बाहेर येईल ते पाहून घरचे त्या गाडीत बसायला तयार होणार नाहीत: राखाडी झालेला कागद, घड्यांत सुकलेली पानं, कधी उंदराने आणून ठेवलेल्या शेंगांची टरफलं. फिल्टर बाहेर ठेवून ब्लोअर लावा. वारा एकदम वाढला तर दोषी सापडला. नवं फिल्टर काही शे रुपयांत मिळतं, त्यावरच्या बाणाची दिशा पाहून बसवा. फिल्टरशिवाय गाडी वापरत राहू नका, ती सगळी धूळ ओल्या कॉइलवर जाऊन लेप बनते. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत कंपनीने फिल्टर दिलेलंच नसतं, नुसती खाच असते. अशा गाडीची कॉइल घाण झालेली असण्याची शक्यता जास्त.

फिल्टर स्वच्छ आहे तरी वारा कमी, सुरू करताना कुबट वास आणि डाव्या बाजूच्या पायाशी पाणी, ही कॉइल चोंदल्याची आणि पाणी जाण्याची नळी तुंबल्याची लक्षणं. नळी गाडीखालून, फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपाशी) मोकळी करता येते. कॉइलसाठी फेसाचा स्प्रे मिळतो, तो हलक्या घाणीला चालतो. जाड लेप असेल तर कॉइल उतरवून धुणं हाच इलाज आणि त्यासाठी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उघडावा लागतो. काम किचकट आहे, करणारा माणूस हातखंडा असलेलाच निवडा.

ब्लोअर फक्त शेवटच्या गतीवर चालत असेल तर रेझिस्टर गेलाय. ते छोटं काम.

आणखी एक प्रकार लोकांना फार चकवतो. एसी सुरुवातीला छान, महामार्गावर तास-पाऊण तास झाला की वारा हळूहळू मरत जातो. ब्लोअरचा आवाज येतोय, जाळीतून हवा मात्र नाही. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवा. वारा परत आला आणि गाडीखाली भराभर पाणी सांडलं, तर कॉइलवर बर्फ धरला होता. कॉइलपाशी तापमान पाहणारा एक छोटा सेन्सर असतो, मेकॅनिक त्याला थर्मोस्टॅटही म्हणतात. कॉइल शून्याकडे आली की कॉम्प्रेसर थांबवणं हे त्याचं काम. तो बिघडला किंवा जागेवरून निसटला की बर्फ होतो. कमी वारा किंवा कमी गॅस हेही कारण असू शकतं, म्हणून आधी फिल्टर.

दुसरी पायरी: कंडेन्सर आणि पंखा

माझा सगळ्यात जास्त भरवसा या पायरीवर आहे. तुमची तक्रार "रस्त्यावर पळताना गार, सिग्नलला थांबलो की गरम" अशी असेल, म्हणजे दीड हजार आरपीएम आणि आयडल यांच्या आकड्यांत मोठा फरक असेल, तर इथेच थांबून नीट पाहा. पळताना समोरचा वारा कंडेन्सर निववतो, थांबल्यावर ते काम पंख्यावर येतं.

इंजिन बंद आणि गार असताना बॉनेट उघडा. टॉर्च घेऊन पुढच्या जाळीतून कंडेन्सर पाहा. तो समोरून बरा दिसला तरी फसू नका. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते, तिच्यात वरून टॉर्च मारा. तिथे पाचटाचे धागे, सावरीचा कापूस, किडे आणि धूळ यांची गोधडीसारखी घडी बसलेली दिसते. ऊस पट्ट्यातल्या आणि कापूस पिकवणाऱ्या भागातल्या गाड्यांत ती जास्त. कोकणातल्या लाल चिखलाचा थर कंडेन्सरच्या खालच्या तिसऱ्या भागावर सुकून विटेसारखा होतो.

धुताना पाइपाचं साधं पाणी वापरा, जमेल तिथे आतून बाहेरच्या दिशेने मारा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने निघेल. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट जवळून मारला तर कंडेन्सरचे पातळ पत्रे झोपतात आणि हवा कायमची अडते. आधीच झोपलेले पत्रे फिन कोंबने (पत्रे सरळ करायच्या कंगव्याने) किंवा बोथट चिमट्याने हळूहळू उभे करता येतात. संध्याकाळ घालवणारं काम आहे, पण फुकटचं.

आता पंखा. इंजिन चालू करा, एसी लावा, पंख्याकडे पाहा. हात, ओढणी, सैल बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब. पंखा सांगून सुरू होत नाही. बऱ्याच गाड्यांत एसी लावताच तो फिरू लागतो, काहींत हाय साइडचा दाब वाढल्यावर. दोन पंखे असतील तर दोन्ही फिरले पाहिजेत. एकच पंखा दोन गतींचा असेल तर उन्हाच्या वेळी तो मोठ्या गतीवर गेला पाहिजे. फिरतोय पण अंगात जोर नाही, अशी मोटर खूप गाड्यांत असते आणि 'पंखा चालू आहे' म्हणून तिच्यावर कोणी संशय घेत नाही. कागदाचा एक ताव पुढच्या जाळीला लावा. चांगला पंखा तो ओढून धरतो. पंखा अजिबात फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरचा कनेक्टर.

यावर शिक्कामोर्तब करणारी एक परीक्षा आहे. गाडी आयडलवर, थर्मामीटर जाळीत. आकडा स्थिर झाला की मगभर पाणी किंवा झाडांना मारायचा फवारा घेऊन समोरच्या जाळीतून फक्त कंडेन्सरवर पाणी शिंपडत राहा, मिनिट-दोन मिनिटं. अल्टरनेटर, कनेक्टर, फ्यूजबॉक्स यांच्यावर पाणी जाऊ देऊ नका. जाळीतला आकडा भराभर चार-पाच अंश उतरला, तर तुमच्या गाडीला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये. दोष कंडेन्सरचा, पंख्याचा किंवा गॅस जास्त भरल्याचा. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर पुढच्या पायरीकडे चला.

गाडीचा पुढून अपघात होऊन काम झालं असेल तर आणखी एक जागा पाहा. कंडेन्सरच्या दोन्ही बाजूंना आणि वर प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा फोम असतो, म्हणजे आत आलेला वारा बाजूने न निसटता कंडेन्सरमधूनच जावा आणि इंजिनाकडची तापलेली हवा पुढे वळून येऊ नये. बंपर बसवताना या पट्ट्या हमखास कोपऱ्यात टाकून दिल्या जातात. दिसायला क्षुल्लक, पण सिग्नलला एसी गरम मारतो तो यामुळे. शोभेच्या जाळ्या, पुढच्या ग्रिलवर बांधलेली जादा दिव्यांची पट्टी, याही वारा अडवतात.

तिसरी पायरी: कॉम्प्रेसर, बेल्ट आणि हीटर

एसीचं बटण दाबलं की बहुतेक गाड्यांत 'टक' असा आवाज येतो आणि आयडल किंचित बदलतं. तो कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच धरल्याचा आवाज. लांबूनच पाहा: पुलीच्या तोंडावरची प्लेट पुलीबरोबर फिरायला लागते. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर गरजेनुसार कमी-जास्त पंप करतो, तिथे टक ऐकू येणार नाही.

क्लच दर काही सेकंदांनी लागत-सुटत असेल तर गॅस कमी असण्याचा संशय घ्यायला जागा आहे. अर्धा-पाऊण तास नीट चालून मग क्लच धरतच नसेल, आणि गाडी गार झाल्यावर पुन्हा धरत असेल, तर प्लेट आणि पुलीतली फट झिजून वाढलेली असते. क्लचमधल्या तापलेल्या विजेच्या कॉइलचं चुंबक कमजोर पडतं आणि मोठी फट ओढत नाही. ही फट सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागते. बारीक वॉशर काढून ती कमी करता येते, अख्खा कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते. हे आधी विचारा.

घाटात एसी मध्येच गरम हवा देत असेल तर घाबरू नका. बोर घाट, कशेडी असले चढ चढताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा संगणक ताकद वाचवायला कॉम्प्रेसर सोडून देतो. इंजिन जास्त तापलं तरी तो हेच करतो. तेव्हा मात्र कूलंट पाहणं आधी.

बेल्ट सैल असेल तर एसी लावताच किंचाळतो, ते वेगळं सांगायला नको.

हीटरकडे कोणाचं लक्ष जात नाही. गरम पाण्याची कॉइल थंड कॉइलच्या शेजारीच असते आणि मधला फ्लॅप दोन्हींची हवा मिसळतो. फ्लॅप पूर्ण बंद होत नसेल तर थंड केलेली हवा पुढच्या वळणावर परत कोमट होते. ओळख अशी: इंजिन गार असताना सकाळी एसी झकास, इंजिन तापल्यावर ढिला. खुंटी गरमकडून थंडकडे फिरवताना शेवटच्या टप्प्यात ती अडते का, सुळकन फिरते का, पाहा. दोन्ही वाईट.

आता गॅस

वरचं सगळं ठीक निघालं, तरच गॅसकडे या. आणि इथून पुढचं काम दाब दाखवणारे गेज आणि नळ्यांतली हवा-ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप असलेल्या माणसाचं. सर्व्हिस वॉल्व्हची पिन घरी दाबून "आहे का गॅस" बघणं सोडून द्या. फुसकन निघालेला द्रव कातडीवर किंवा डोळ्यावर पडला तर तिथली जागा गोठते.

तुम्ही हाताने इतकं करू शकता: एसी दहा मिनिटं चालल्यावर फायरवॉलकडे जाणारे दोन अ‍ॅल्युमिनियमचे पाइप पाहा. जाड पाइप थंडगार आणि घाम सुटलेला असावा, बारीक पाइप कोमट ते गरम. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणाऱ्या पाइपाला हात लावू नका, चटका बसतो. जाड पाइप नुसता किंचित गार असेल तर गॅस कमी किंवा कॉम्प्रेसर दुबळा. बारीक पाइपावर एखाद्याच ठिकाणी दव किंवा बर्फ दिसला तर तिथे आत अडथळा आहे.

गळतीच्या खुणाही डोळ्यांना दिसतात. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट ठिपका होतो. पाइपाचे सांधे, होज जिथे धातूला दाबून बसवलाय ती जागा, कंडेन्सरच्या कडा आणि कॉम्प्रेसरचं तोंड, या चार जागा पाहा. बोटाला तेल लागलं तर फोटो काढून मेकॅनिकला दाखवा.

गेज लागल्यावर काय वाचायचं, तेही माहीत असू द्या. इंजिन बंद करून थोडा वेळ गेला की दोन्ही काटे जवळपास सारखे येतात. ३० अंशांत साधारण ९५ ते १०० पीएसआय, ४० अंशांत १३० च्या थोडं वर. हा आकडा फार कमी असेल तर गॅस नक्की कमी. पण तो बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे असं होत नाही, कारण आत थोडाही द्रव शिल्लक असेल तोवर दाब तापमानानुसारच राहतो. एसी चालू असताना ३०-३५ अंशांत लो साइड ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० च्या दरम्यान, कडक उन्हात हाय त्याहून वर.

दोन्ही काटे खाली: गॅस कमी. दोन्ही वर: गॅस जास्त, यंत्रणेत हवा शिरलेली, किंवा कंडेन्सर आणि पंख्याचा दोष, म्हणजे मागच्या पायरीवर परत. लो वर आणि हाय खाली: कॉम्प्रेसर दाब धरत नाही. लो फारच खाली, शून्याकडे: एक्सपान्शन वॉल्व्ह किंवा ड्रायर चोंदलाय. हाच काटा कधी नीट, कधी शून्याला असा खेळत असेल तर आत ओलावा आहे, तो वॉल्व्हपाशी गोठतो आणि वितळतो.

जास्त गॅस भरण्याबद्दल मुद्दाम सांगतो. बॉनेटखाली एक स्टिकर असतं, त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. लहान हॅचबॅकला हे वजन साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. एवढ्याशा वजनात शंभर ग्रॅम जास्त गेले तरी कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, उष्णता टाकायला जागा कमी पडते आणि गार होणं आणखी मंदावतं. म्हणून "थोडा टाकून बघू" हा प्रकार दोन्ही बाजूंनी नुकसानीचा.

गॅरेजमध्ये बोलणं साधारण असं होतं:

"दादा, या गाडीला किती ग्रॅम बसतो?"

"साहेब, गेजवर कळतंय ना. इतकी वर्षं करतोय."

"ते खरंच, पण आपण सगळा काढून, व्हॅक्यूम मारून वजनाने भरू. जास्तीचे पैसे घ्या."

या वाक्यावर जो मेकॅनिक कुरकुरत नाही त्याच्याकडे काम द्या. जुना गॅस हवेत न सोडता मशीनमध्ये ओढून घ्यायचा. आर-१३४ए ची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. मग गळतीची परीक्षा, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने किंवा रंगाचा डाय टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्याने. गळती काढली की ड्रायर बदलणं चांगलं, विशेषतः यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असेल तर. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम. पंप बंद केल्यावर काटा पंधरा-वीस मिनिटं जागचा हलता कामा नये. हलला तर भरायचंच नाही, परत गळती शोधायची. नंतर स्टिकरवरचं वजन आणि तेल गेलं असेल तर तेवढंच त्याच प्रकारचं तेल.

डबा सीलबंद आहे का, ते पाहा. स्वस्त सिलिंडरमध्ये भेसळ असू शकते. कधी जळाऊ गॅस असतो, कधी अ‍ॅल्युमिनियम खाणारा आर-४० (मिथाइल क्लोराइड). २०११ मध्ये जहाजी मालवाहतुकीच्या शीतकंटेनरांत असल्या भेसळीच्या गॅसमुळे स्फोट होऊन माणसं गेली होती. गळती बुजवणारं रसायनही टाकू देऊ नका, ते एक्सपान्शन वॉल्व्ह आणि पुढे सर्व्हिसचं मशीनही चोंदवतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांना दुकानात टॉप-अपचे डबे सहज मिळतात. त्यांच्यावरचा छोटा गेज फक्त लो साइड दाखवतो आणि वर लिहिलेल्या कारणांनी एकट्या लो साइडवरून काहीच ठरत नाही. युरोपात २०१७ पासून सर्व नव्या गाड्यांत आर-१३४ए बंद झालाय, तिथे सहसा आर-१२३४वायएफ असतो. त्याचा नॉझल वेगळा, किंमत बरीच जास्त आणि तो थोडा ज्वलनशील. एकात दुसरा मिसळायचा नाही.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर कॉम्प्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतो. नारिंगी केबलींना हात लावायचा नाही आणि बाहेरच्या एसीवाल्याकडे न्यायचंच नाही. त्यातलं तेल वीज न वाहू देणारं, वेगळ्या प्रकारचं असतं. गेज आणि होजमध्ये राहिलेलं नेहमीचं तेल थोडं आत गेलं तरी इन्सुलेशन बिघडतं. केबिन फिल्टर आणि कंडेन्सर मात्र तिचाही तुम्हीच पाहा.

काम झाल्यावर तीच परीक्षा पुन्हा करा: सावली, तीच खुंटी, मधली जाळी, दहा मिनिटं, एकदा दीड हजारावर, एकदा आयडलवर. बाहेरचं तापमान, दोन्ही आकडे आणि भरलेले ग्रॅम सर्व्हिस बुकच्या मागे लिहून ठेवा, बिलावरही ग्रॅम लिहून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी साधारण तशाच हवेत परत मोजा. आकडा तीन-चार अंश चढलेला दिसला तर गॅस अजून गळतोय. बिल घेऊन तिथेच जा आणि या वेळी डाय टाकून, दिवा लावून गळतीची जागा डोळ्यांनी दाखवायला सांगा.